वार नंतर, आधी तिथी बघा: पुण्याहून किनाऱ्यावर एक दिवस पक्षी बघायला जायचं असेल तर

पुण्यातल्या बर्डिंगवाल्यांचं वर्षाचं ठरलेलं असतं, पाऊस संपला की कवडी पाट, थंडी पडली की भिगवण, आणि मधे वेळ मिळेल तसं सिंहगड व्हॅली नाहीतर पाषाण तलाव. समुद्रावर आपण जातो ते फॅमिलीबरोबर, मासे खायला, आणि तेव्हा बायनॉक्युलर बॅगेतच राहतो. मला वाटतं हे फार मोठं नुकसान आहे, कारण शरद ऋतूत म्हणजे साधारण कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर जे पक्षी उतरतात त्यातले कितीतरी आपल्याला पुण्यात जन्मात दिसणार नाहीत. तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया असल्या ठिकाणांहून आलेली मूठभर वजनाची पाखरं दिवेआगरच्या वाळूवर पळत असतात आणि आपण त्यांच्या शेजारून बनाना राईडच्या रांगेत उभे राहायला जातो.

फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर आहे. तलावावरचं बर्डिंग सूर्यावर चालतं, पहाटे गेलं की काम झालं. किनाऱ्यावरचं बर्डिंग भरती-ओहोटीवर चालतं. चुकीच्या वेळी पोचलात तर कितीही भारी कॅमेरा असू दे, कावळे आणि घारी बघून परत याल.

आमचं पहिल्या वेळी हेच झालं होतं. रविवार मोकळा होता म्हणून गेलो, बाराला बीचवर उतरलो, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, समोर पाणी ना धड आत ना धड बाहेर, दोन तास फिरून चार बगळे आणि एक तुतवार. फार वाईट वाटलं होतं, एवढं लांब येऊन. दुपारी जेवायला बसलो तेव्हा खानावळीतल्या मावशींनी विचारलं की पक्षी दिसले का, नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अहो आज अष्टमी, भांगाचं पाणी. बारस-तेरस बघून यायचं, नाश्त्याच्या वेळेला भरती लागते तेव्हा सगळी पाखरं वर सरकतात." आणि मग वाढता वाढता त्यांनी जो हिशोब सांगितला तो मी आजपर्यंत वापरतेय.

हिशोब असा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वादशी म्हणजे १२, पाऊणपट ९, म्हणजे भरती ९ वाजता. त्रयोदशीला पावणेदहा. अष्टमीला ६. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५ धरायचे, सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि तीच वेळ सकाळी पण आणि संध्याकाळी पण, कारण दिवसात दोन भरत्या असतात. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो ना, तसं पाणी पण रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं, म्हणून ही पाऊणपट बसते. पण हा कोकणातला तोंडी हिशोब आहे, पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, म्हणून दिवस ठरवायला हा वापरा आणि निघायच्या आधी मोबाईलवर श्रीवर्धन किंवा मुरूडची नेमकी वेळ बघून घ्या.

दुसरं म्हणजे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि पाणी खूप वर चढतं, खूप खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ काटकोनात, पाणी जेमतेम हलतं, तो भांग. आपल्याला उधाणाजवळचे दिवस पाहिजेत. ओहोटीला पक्षी लांबवर ओल्या वाळूत, चिखलात विखुरलेले असतात, स्कोपमधून (स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून) पण ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की त्यांची खायची जागा कमी कमी होत जाते आणि सगळे थवे पाण्याच्या पुढेपुढे आपल्याकडे सरकत येतात. उधाणाला बीच अगदी अरुंद उरतो, म्हणजे ते येतात जवळ. आपण काही करायचं नाही, बसून राहायचं.

आणि आता यातली सगळ्यात भारी गोष्ट. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर सरळ उजेड. संध्याकाळी बरोब्बर उलटं, सूर्य डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे. सनसेट फोटोला छान, पण चिखल्याच्या (प्लोव्हर पक्ष्याच्या) पायाचा रंग ओळखायचाय तर काही उपयोग नाही. म्हणून सकाळचा उजेड आणि चढती भरती एकत्र आणायची, आणि ते जमतं द्वादशी ते चतुर्दशी. शरदात असे दिवस कुठले येतात बघा, कोजागिरीच्या आधीचे दोन-तीन दिवस, धनत्रयोदशीच्या आसपास, तुळशीच्या लग्नाची द्वादशी आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस. धनत्रयोदशी तर फारच चांगली, दिवाळीची गर्दी तेव्हा अजून घरात फराळाचं बघत असते, पाडवा-भाऊबीज झाली की मग सगळं पुणे कोकणात उतरतं आणि बीचवर पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना फक्त रविवारच मिळतो त्यांनी हे लक्षात ठेवा की एक रविवार उधाणाजवळचा असेल तर पुढचा भांगाजवळ येतो आणि त्याच्या पुढचा परत चांगला. म्हणजे एक आड एक. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आत्ताच पेनाने गोल करून ठेवा.

निघायच्या आधी पुण्यातच थोडा सराव करा असं मी आवर्जून सांगते. सोलापूर रोडला लोणी काळभोरच्या अलीकडे कवडी पाट आहे, तिथे ऑक्टोबरमध्ये तुतवार, शेकाट्या, धोबी, लिटल रिंग्ड प्लोव्हर, वुड सँडपायपर हे सगळे मिळतात आणि बरेच जवळून मिळतात. तिथे दोन सकाळी फक्त एवढंच बघा: चोच डोक्यापेक्षा लांब आहे की छोटी, सरळ की वाकडी, पायाचा रंग कोणता, आणि चालतो कसा. प्लोव्हर म्हणजे चिखल्या लोकांची चाल एकदम वेगळी, दुडुदुडु पळतात, थांबतात, टोचतात, परत पळतात. सँडपायपर लोक चालता चालता चोचीने शिवण घातल्यासारखे टोचत राहतात. हा एक फरक डोळ्यात बसला की किनाऱ्यावरचं निम्मं काम सोपं होतं.

रस्ता. चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. एकशे साठ-सत्तर किलोमीटर, थांबत गेलं तर साडेचार-पाच तास. पहाटे ३ ला निघून सकाळी पोचू असा विचार करणारे पुष्कळ असतात, कृपा करून करू नका. ताम्हिणीत अंधारात, वळणांवर, अर्धवट झोपेत गाडी चालवणं धोक्याचं आहे आणि पोचल्यावर तुम्ही इतके दमलेले असता की थवा समोर असून डोकं चालत नाही. आदल्या दिवशी दुपारी निघा. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे, घाटात उजेड असताना एखाद्या सुरक्षित जागी गाडी बाजूला लावून अर्धा तास थांबलात तरी सर्पगरुड, बुलबुल, सूर्यपक्षी मिळून जातात, पण थांबा अर्धाच तास. मुक्काम घरगुती खोल्यांमध्ये करा, दिवेआगरात भरपूर आहेत, आणि रात्रीच सांगून ठेवा की सकाळी साडेपाचला चहा लागेल आणि नाश्ता दहानंतर, नाहीतर पोहे आठला तयार होतात आणि ते गार होतील म्हणून आपण ऐन भरतीत बीच सोडून येतो. जेवण पण सकाळीच सांगायचं, मासे असोत की उकडीचे मोदक, ऐनवेळी मिळत नाहीत.

सामानाचं थोडक्यात. बायनॉक्युलर ८×४२ असेल तर उत्तम, १०× वाऱ्यात हातात फार हलतो. ग्रुपमध्ये एक स्पॉटिंग स्कोप असला तर सोन्याहून पिवळं, नसला तरी अडत नाही, भरती तुमच्यासाठी काम करते. टोपी, पूर्ण बाह्यांचा मातकट शर्ट (पांढरा आणि भडक रंग नको), पट्ट्याच्या सँडल, माणशी किमान २ लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. ऑक्टोबर हीट किनाऱ्यावर चिकट असते, घाम वाळत नाही आणि अंगातलं पाणी गेलेलं कळत पण नाही. लेन्ससाठी मऊ कापड दोन घ्या, एक खारट होतंच. मर्लिन (पक्षी ओळखायला) आणि ईबर्ड (नोंदी टाकायला) ही दोन ॲप घरूनच वायफायवर डाउनलोड करून भारताचा पॅक उतरवून ठेवा, तिकडे रेंजचा भरवसा नाही. मर्लिनचं आवाज ओळखणं लाटांच्या आवाजात फारसं चालत नाही, तिथे डोळेच वापरायचे.

आता सकाळ. समजा त्रयोदशी आहे, भरती पावणेदहा-दहाला. तुम्ही सव्वासहाला बीचवर पाहिजे. उतरल्या उतरल्या समुद्राकडे नाही, आधी खाली वाळूकडे बघा, कारण माणसं चालायच्या आधी रात्रीची सगळी वर्तमानपत्रं तिथे उघडी असतात. भूतखेकड्यांच्या बिळांपासून निघालेल्या रेघा, कोल्ह्याच्या पायांचे एका ओळीत ठसे, कुत्र्याचे असतील तर ते जास्त वेडेवाकडे. नोव्हेंबर असेल तर कधी कधी ट्रॅक्टर गेल्यासारखा एक पट्टा समुद्रातून वर येऊन परत गेलेला दिसतो, तो ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीचा माग. तसं दिसलं तर तिथे खोदू नका, काठी खुपसू नका, गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने कासवांचं काम सुरू केलं, आता कितीतरी गावांत अंडी सांभाळली जातात, त्यात आपला हातभार म्हणजे एक फोन.

मग जागा निवडा. एखादा ओढा किंवा छोटी खाडी समुद्राला जिथे मिळते ती जागा सगळ्यात चांगली, गोडं-खारं पाणी मिसळतं, चिखल साचतो, खाणं जास्त. तिथून ६०-७० मीटर लांब, सुरूच्या झाडांच्या बाजूला, खाली बसा. उभं राहू नका. उभा माणूस पक्ष्याला धोका वाटतो, बसलेला थोड्या वेळाने ओंडका होतो. एकदा बसलात की तास-दीड तास हलायचं नाही. भरतीचं पाणी मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात चढतं, जवळजवळ निम्मी उंची तेवढ्यातच, नंतर मंदावतं. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा जोराचा भाग चालू असतो आणि सात ते नऊ ही खरी वेळ, थवे लाटेबरोबर दहा-दहा पावलं मागे येत राहतात. एकदा माझ्या बुटापासून पंधरा पावलांवर केंटिश प्लोव्हरचा थवा येऊन झोपला होता, प्रत्येकाने आपापला पावलाचा ठसा शोधून त्या खळग्यात वाऱ्यापासून अंग लपवून घेतलं होतं. ते बघताना मी श्वास सुद्धा हळू घेत होते.

कोण कोण दिसेल? छोट्यांपासून सुरू करू. केंटिश प्लोव्हर: फिकट, पाय काळपट, मानेवर मागून पण पांढरी कॉलर पूर्ण फिरते, छातीचा पट्टा मधे तुटलेला. सँड प्लोव्हर: मानेला कॉलर नाही, जरा दणकट. याच्यात लेसर आणि ग्रेटर दोन, ग्रेटरची चोच लांब आणि जाड, पाय लांब आणि हिरवट-पिवळट, पण एकटा असेल तर भलेभले चुकतात, दोन्ही शेजारी उभे राहायची वाट बघा. (लेसरचं अलीकडे दोन जातींत विभाजन झालं, आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर येतो तो तिबेटन सँड प्लोव्हर, ॲपमध्ये लेसर शोधून सापडला नाही तर गोंधळू नका.) सँडरलिंग: सगळ्यात गोंडस, एकदम पांढुरका, परत जाणाऱ्या लाटेमागे पळत जातो आणि पुढची लाट आली की पळत बाहेर, दिवसभर हेच. टर्नस्टोन: आखूड केशरी पाय, नावाप्रमाणे दगड-शेवाळ उलटवत फिरतो, हा वाळूपेक्षा खडकांजवळ शोधा.

मोठ्यांमध्ये कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल, दोघांची चोच कोयत्यासारखी वाकडी. कर्ल्यूची अतिशय लांब, बघून विश्वास बसत नाही. व्हिम्ब्रेलची त्यामानाने छोटी आणि डोक्यावर गडद-फिकट पट्टे. नशीब असलं तर ऑयस्टरकॅचर, काळा-पांढरा, लालभडक चोच, तो दिसला की त्या दिवशी दुसरं काही नाही दिसलं तरी चालतं. बगळ्यांमध्ये नेहमीच्या पांढऱ्यांबरोबर एक पाटीच्या रंगाचा बगळा दिसेल, गळा पांढरा, तो समुद्र बगळा. गंमत अशी की हाच पक्षी पूर्ण पांढरा पण असतो, एकाच जातीचे दोन रंग.

सुरय म्हणजे टर्न, यांना चोचीच्या रंगाने ओळखा, सगळ्यात सोपं. केशरी चोच लेसर क्रेस्टेड, मोठा आणि पिवळट चोच ग्रेट क्रेस्टेड, काळी चोच आणि टोकाला पिवळा ठिपका सँडविच, आखूड जाड पूर्ण काळी गल-बिल्ड, आणि गाजराएवढी जाड लाल चोच असेल तर कॅस्पियन, जगातला सगळ्यात मोठा सुरय. भरती पूर्ण झाली की हे सगळे वाळूवर एकाच दिशेला तोंड करून बसतात, वारा येतो त्या दिशेला, तेव्हा निवांत एकेक बघून घ्यायचा. कुरव म्हणजे गल ऑक्टोबरमध्ये तुरळक, नोव्हेंबर उलटता उलटता शेकड्याने येतात. त्यांच्या डोक्यांचा रंग थंडीत जातो, डोळ्यामागे नुसता काळा डाग उरतो, म्हणून पुस्तकातलं तपकिरी डोकं शोधत बसू नका.

मोजायचं कसं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. थव्याच्या एका टोकाचे दहा नीट मोजा, तेवढी रुंदी डोळ्याने पकडा आणि ती थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. दोन वेळा करा, सरासरी लिहा. "खूप होते" असं लिहिण्यापेक्षा "अंदाजे १४०" कितीतरी उपयोगाचं.

आणि एक कळकळीची विनंती. थवा उडवू नका. उडतानाचा फोटो भारी येतो म्हणून मुलांना थव्यात पळायला लावणारे आईबाप मी पाहिलेत, मोठे कॅमेरे घेऊन मुद्दाम चालत जाणारे पण पाहिलेत. ही पाखरं हजारो किलोमीटर उडून आलेली असतात, अंगातली चरबी जाळून, आणि त्यांना खायला मिळते ती ओहोटीची मर्यादित वेळ. भरतीला ते झोपतात, शक्ती वाचवतात. प्रत्येक वेळी उडवलं की ती शक्ती आपण हिसकावून घेतो. गाडी बीचवर घालणं तर अजिबातच नको, वाळूखाली खेकडे असतात, कासवांची घरटी असतात. कुणी गाडी आणलीच तर शांतपणे जाऊन सांगा, बरेच जण ऐकतात, त्यांना खरंच माहीत नसतं.

दहाला परत या, पोटभर नाश्ता, थोडी झोप. दुपारी बारा ते अडीच पक्षी पण सावलीत असतात.

जेवण उरकून दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याच्या रस्त्याने निघा, भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी असा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि दुपारी गरम हवा वर चढते तशा घारी आणि गरुड तिच्यावर तरंगतात. इथे बघायचा तो समुद्री गरुड. पांढरं पोट, राखाडी पंख, शेपटी पाचरीसारखी पांढरी, आणि उडताना पंख व्ही आकारात वर उचललेले. ब्राह्मणी घार लालसर, डोकं-छाती पांढरी, ती तर पदोपदी. ऑस्प्रे पण येतो थंडीत, तो नुसता मासे खातो. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या सुरू, नारळ, पोफळी अक्षरशः झोपवल्या, त्यामुळे उरलेली उंच जुनी झाडं घरट्यांसाठी फार मोलाची आहेत. एखाद्या झाडावर मोठ्या काटक्यांचा भारा दिसला तर लांबून बघा, खाली जाऊन टाळ्या वाजवू नका, आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका.

श्रीवर्धनला जीवना बंदरावर वीस मिनिटं थांबाच. होड्या लागलेल्या असतात, जाळी पसरलेली, वास येतो त्याला इलाज नाही, पण त्या वासानेच बगळे, घारी, कुरव तिथे येतात आणि माणसांना सरावलेले असल्यामुळे अगदी जवळून दिसतात. कोळी काकांना, मावशींना विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. विचारलंत आणि गप्पा मारल्यात तर कालच डॉल्फिन कुठे दिसले, वारं कधी फिरलं, सगळं सांगतात.

आता तिसरा टप्पा. भरती पावणेदहाला म्हणजे ओहोटी चारच्या सुमाराला, आणि उधाणाजवळचा दिवस म्हणजे पाणी चांगलंच आत जातं. ही वेळ खडकांची. हरिहरेश्वरला देवळामागे पायऱ्या उतरून खाली सपाट खडक आहेत, लाटांनी आणि वाऱ्याने जाळी पडलेले, मधमाशांच्या पोळ्यासारखे. त्या खडकांमधल्या डबक्यात बसून बघा, घाई नको, पाच मिनिटं एकाच डबक्याकडे. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, तो शंखी खेकडा. मग फुलासारखं काहीतरी मिटतं, ते सी ॲनिमोन. कालवं, बार्नॅकल, छोटे मासे. हात न लावता बघा, दगड उलटवलाच तर परत होता तसा ठेवा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंख गोळा करून घरी आणू नका, तुमच्या शोकेसमधला रिकामा शंख म्हणजे एखाद्या शंखी खेकड्याचं न मिळालेलं घर.

इथे सुरक्षिततेचं सगळ्यात ठासून सांगते. हरिहरेश्वरच्या त्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत, एकदा नाही, अनेकदा. फक्त पाणी उतरत असताना जायचं, ओहोटी पूर्ण झाली की घड्याळ लावून अर्ध्या तासात वर यायचं, समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, आणि ओल्या हिरव्या शेवाळावर पाय द्यायचा नाही. स्थानिक कुणी नको म्हणालं तर वाद न घालता परत फिरायचं. उथळ पाण्यात चालायची वेळ आली तर पाय न उचलता घासत चाला, वाळूत पाकट लपलेला असतो, त्याच्या शेपटीचा काटा फार वाईट. किनाऱ्यावर पडलेला साप मेलेला वाटला तरी हात लावू नका, समुद्री साप विषारी असतात. निळसर फुग्यासारखं काही दिसलं, ब्लू बॉटल, त्याला पण नाही, वाळलेलं असलं तरी डसतं.

खडक नको असतील, लहान मुलं बरोबर असतील, तर म्हसळ्याच्या वाटेवर खाडीकाठी कांदळवन दिसतं तिथे ओहोटीला रस्त्याच्या कडेने बघा. चिखलात निवट्या उड्या मारतात, मासा असून जमिनीवर चालतो म्हणून मुलं वेडी होतात. फिडलर खेकड्याचा नर एकच भलामोठा नांगा हलवत मादीला बोलावत असतो. खंड्याबरोबर काळ्या टोपीचा ब्लॅक-कॅप्ड किंगफिशर थंडीत इथे मिळू शकतो, आणि चिखलात पाणमांजराचे ठसे.

नोंदी त्याच रात्री पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्रत्येक जागेची ईबर्डवर वेगळी चेकलिस्ट, वेळ आणि अंतरासकट, आणि रिमार्कमध्ये भरती चढती होती की उतरती हे लिहा. एखाद्या पक्ष्याच्या पायात रिंग किंवा रंगीत फ्लॅग दिसला तर वाट्टेल ते करून त्याचा फोटो घ्या, फ्लॅगचे रंग, कोणत्या पायात, वरच्या भागात की खालच्या, अक्षरं काय, आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. तुमच्या त्या एका फोटोवरून कळतं की तो पक्षी कुठे पकडला होता आणि किती वर्षांनी इथे आला. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा, तेव्हाच्या नोंदी जरूर टाका. सालिम अलींनी सुगरणीचा गाजलेला अभ्यास याच रायगडच्या किनाऱ्यावर, किहीमला केला होता, १९३० च्या सुमाराला, स्कोप नाही की ॲप नाही, नुसतं रोज जाऊन बसणं.

दोन रात्री राहायची सोय असेल तर कृष्ण पक्षातली चतुर्दशी धरा, भरती सकाळी साडेदहाच्या आसपास येते आणि रात्र एकदम काळी. जेवण झाल्यावर बीचवर टॉर्च बंद करून उभे राहा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कधी कधी लाट फुटताना निळसर उजेड दिसतो, पाण्यातल्या नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जिवांचा. दरवेळी दिसत नाही.

परतीला हरिहरेश्वरहून साडेचारला निघालात तर घाटात अंधार होणारच, म्हणून शक्यतो मुक्काम वाढवा किंवा खडकांचा टप्पा सोडून दुपारीच निघा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. घरी आलात की झोपायच्या आधी ट्रायपॉडचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, बायनॉक्युलर आधी फुंकणीने आणि मग जरा ओलसर कापडाने पुसा, कोरड्या कापडाने घासलंत तर वाळूचा एक कण लेन्सवर कायमचा ओरखडा देऊन जातो. सँडल बाल्कनीत. आणि दिनदर्शिका काढून पुढची बारस कुठल्या वारी येते ते बघून घ्या, खोली आत्ताच सांगून ठेवलेली बरी.